धुक्यातला डोंगर: किनोसेफाली, इ. स. पू. 197

थेसली, उत्तर ग्रीस. रात्री पाऊस झालाय आणि सकाळी धुकं असं दाट, की हाताशी असलेला माणूस दिसू नये. टेकड्यांचं नाव किनोसेफाली, म्हणजे कुत्र्यांची डोकी. एका अंगाला मॅसेडोनियाचा राजा पाचवा फिलिप, दुसऱ्या अंगाला रोमचा सेनापती फ्लॅमिनिनस. दोघांकडे प्रत्येकी 25-26 हजार माणूस, आणि समोरचा नेमका कुठे आहे याचा दोघांनाही पत्ता नाही.

फिलिप पोळलेला होता. आदल्याच वर्षी आओस नदीच्या खिंडीत एका मेंढपाळाने रोमनांना डोंगरातली आडवाट दाखवली, शत्रू पाठीशी उतरला आणि राजाची 2,000 माणसं गेली. आजही त्याला लढायचं नव्हतं; बरेच लोक चारा आणायला गेलेले. पण माथ्यावर टेहळ्यांची चकमक जुंपली आणि 'शत्रू पळतोय' असे निरोप येत राहिले. जागा पसंत नसताना तो निघाला. चूक इथेच झाली.

त्याचा भरवसा फॅलँक्सवर, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभ्या भालाईतांच्या दाट रांगांवर. सरिसा हा भाला 14 हात लांब. पहिल्या पाच रांगांची पाती पुढे येतात. मॅसेडोनियन सैनिक 3 फुटांत उभा राहतो, तलवार फिरवायला रोमनाला 6 फूट लागतात. म्हणजे एकेका रोमनासमोर दहा पाती. समोरून ही भिंत फुटत नाही. पण भाल्यात दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे ती मागे वळतही नाही. आणि खाचखळगा आला की रांग विस्कटते.

उजव्या फळीवर राजा स्वतः होता. रांगा दुप्पट खोल करून त्याने उतारावरून रोमनांना रेटत नेलं. डावी फळी मात्र अजून वाटचालीतच, माथ्यावर चढत होती. फ्लॅमिनिनसने तिच्यावर हत्ती घातले. भाले सरसावण्याआधीच ती मोडली.

पाठलाग करणाऱ्यांतल्या एका रोमन ट्रिब्यूनने, म्हणजे लष्करी अधिकाऱ्याने (त्याचं नाव कुणी नोंदवलं नाही) 20 तुकड्या वळवल्या आणि राजाच्या जिंकत्या फळीला पाठीमागून गाठलं. श्रेय फ्लॅमिनिनसला मिळालं. लढाई फिरवली ती यानेच.

उरलेल्यांनी भाले आभाळाकडे उभे धरले. ही शरणागतीची खूण, पण रोमनांना ती ठाऊक नव्हती. कत्तल चालूच राहिली. मॅसेडोनियाचे 8,000 मेले, 5,000 कैद झाले. रोमनांचे गेले सुमारे 700.

फिलिप टेंपेच्या खिंडीकडे निसटला. त्या धावपळीतही त्याने एक शरीररक्षक लारिसा शहराला पिटाळला: राजदफ्तर जाळ, एक कागद रोमनांच्या हाती पडता कामा नये.