पाल, पापडखार आणि सत्तर दिवस

नमस्कार श्रोतेहो. मला दिलेला विषय आहे ‘लहान मुलं आणि प्राचीन संस्कृती’. विषय भारदस्त आहे. पण मी आज तुम्हाला एका पालीची गोष्ट सांगणार आहे. पाल म्हणजे आपली भिंतीवरची, ट्यूबलाइटमागची पाल. विषय त्यातच येतो, काळजी नको.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा, सून आणि नातू पुण्याहून आले. नातवाचं वय वर्षं सात. बडोद्याला आलेल्या पोराला कमाटीबागेत न्यावंच लागतं. पाटीवर सयाजीबाग असली तरी आमच्या तोंडात कमाटीबागच. तर आधी प्राणी, मग छोटी आगगाडी, आणि ऊन चढलं की म्युझियम. 1894 सालची इमारत, आत पाऊल टाकलं की गार वाटतं. महाराजांनी काय काय जमवून ठेवलंय तिथे! आम्हा बडोदेकरांचं कुठलंही बोलणं सयाजीरावांपर्यंत पोचल्याशिवाय संपत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्या राजानं 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याचं नाव दिवसातून एकदा घेतलं तर काय बिघडलं? असो.

नातवानं आधी देवमाशाचा सांगाडा पाहिला. 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आलेला तो मासा. त्याच्या फासळ्या मोजून झाल्या. आणि मग आम्ही ममीपाशी आलो. इजिप्तची ममी, काचेच्या पेटीत. पोरगं एकदम गप्प.

आता आमच्या ह्यांना माहिती सांगायची भारी हौस, आणि कुठे थांबावं हे कळत नाही. त्यांनी सगळं सांगितलं. माणूस मेला की इजिप्तचे लोक त्याचं शरीर कसं टिकवायचे, फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी कशी बाहेर काढायचे, आणि मेंदू कसा नाकातून, लांब आकडा घालून, ओढून काढायचे. नातू हाताच्या पंजानं नाक झाकून उभा. मी डोळ्यांनी खुणावतेय, पण ह्यांचं लक्ष कुठे!

त्या रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले. बाहेरच्या खोलीत आजोबा आणि नातू शेजारी शेजारी झोपलेले. नातू तोंडानं श्वास घेतोय. सर्दी झाली की काय म्हणून वाकून बघते, तर त्याच्या दोन्ही नाकपुड्यांत माझ्या देवघरातल्या फुलवाती! बुडखा आत, शेंडा बाहेर. आणि आजोबांच्या नाकातही एक. दुसरी घोरण्यानं उडून उशीवर पडली होती.

मी हसले नाही हो. हसू आलं, पण गिळलं. त्याला हलवून उठवलं, वाती काढल्या आणि विचारलं, “काय रे सोन्या?” तर म्हणाला, “आकडा घालतील.”

श्रोतेहो, इथे आपण सगळे एकच वाक्य बोलतो. “असं काही नसतं, झोप.” मला ते वाक्य मुळीच आवडत नाही. अहो, असं काही नसतं कसं? दुपारी आपणच तिकीट काढून दाखवलं ना! मुलाला बागुलबुवा आहे की नाही हे विचारायचंच नव्हतं. त्याला विचारायचं होतं, आकडा कुणाला घालतात. मुलाची भीती नेमकी असते, तिला उत्तरही नेमकं लागतं. पुन्हा सांगते, भीती नेमकी, उत्तरही नेमकं.

मी म्हटलं, “एक तर ते माणूस मेल्यावर करायचे. आणि दुसरं, त्याला इतका खर्च यायचा की नीट सगळं करून घेणं श्रीमंतांनाच परवडायचं.”

त्यानं विचार केला. “आपण श्रीमंत आहोत?”

“छे रे. आजोबांची पेन्शन.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं,” म्हणाला, आणि कुशीवर वळून झोपला. गरिबीचा एवढा आधार मी आयुष्यात कुणाला वाटलेला पाहिला नाही.

सकाळी दात घासता घासता पुढचा प्रश्न. मेंदू टाकून दिला, मग तिला पाढे कसे आठवणार? प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, ते लोक मानायचे की बुद्धी हृदयात असते, म्हणून हृदय तेवढं आत ठेवायचे. मेंदू बाहेर, हृदय आत. पुढे देवांच्या दरबारात ते हृदय तराजूत घालायचे, दुसऱ्या पारड्यात पीस. हृदय जड भरलं की ते खायला अम्मित टपलेली. तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजी, परवाचा लीलो चिवडो मी संपवला. ताईनं नाही.” चित्रगुप्ताच्या वहीला तो कधी घाबरला नव्हता. वजनकाट्याला घाबरला.

आणि आता पाल.

आमच्याकडे मे महिन्यात लोणच्याचं खडेमीठ येतं, उन्हात पसरून वाळवून बरणीत भरते. हल्ली बाजारातून लोणचं आणतात, तेलात बुडवलेल्या आंबट फोडी नुसत्या, पण ते पुन्हा कधीतरी. तर एक दिवस मीठ कमी दिसलं. दुसऱ्या दिवशी पापडखाराची पुडी गायब. तिसऱ्या दिवशी सून विचारते, कपडे धुण्याचा सोडा कुणी घेतला? माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि या वेळी खरोखरच पाल निघाली. माळ्याखाली जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत, मीठ आणि सोड्याच्या थराखाली, खिडकीत अडकून मेलेली पाल. बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘राणी. उघडू नये.’

चूक आमच्या ह्यांचीच. त्यांनी त्याला सांगितलं होतं की इजिप्तमध्ये नेट्रॉन नावाचा खार मिळतो, आणि त्यात असतं काय, तर धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि मीठ. पापडखार त्याचाच भाऊबंद. काम तेच, पाणी शोषून घ्यायचं. पाणी गेलं की कुजणं थांबतं. कैरीच्या फोडीला मीठ लावून जिनं रात्रभर ठेवलंय आणि सकाळी परातीत साचलेलं पाणी पाहिलंय, तिला मी हे काय समजावू?

सून म्हणाली फेकून द्या. मुलगा म्हणाला शी. मी म्हटलं, बाटली गच्चीवर राहील. सत्तर दिवस राहील. ममीचं काम सत्तर दिवसांचं, त्यातले साधारण चाळीस खारात, उरलेले तेल लावणं, गुंडाळणं आणि मंत्र. अडचण एकच. जूनमध्ये त्याची शाळा. निघताना रिक्षात बसून त्यानं मला बजावलं, “चाळीसाव्या दिवशी गुंडाळायची. आजी, तू शब्द दिलायस.”

दिला होता. चाळीसाव्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून, नाकाला पदर बांधून मी बाटली उपडी केली. अहो, वास नाही! आमसुलासारखी सुकलेली, शेपटी शाबूत, बोटं वेगवेगळी. सांडशीनं उचलली. ती सांडशी मग मी टाकली आणि नवी आणली, ते सोडा. ह्यांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या. इजिप्तमध्येही पुष्कळदा घरातलंच जुनं कापड फाडून गुंडाळायचे, तेव्हा धोतर अगदी रीतीला धरून झालं. फोनमधून सूचना चालूच. “शेपटी वेगळी गुंडाळ. घट्ट. तोंड शेवटी.”

मधल्या काळात शापाचं निघालं, कुठेतरी काहीतरी पाहिलं असणार. त्यालाही नेमकंच उत्तर दिलं. तुतनखामेनची कबर सापडली नोव्हेंबर 1922मध्ये. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल 1923मध्ये गेले. डास चावला, दाढी करताना तिथे कापलं, जखम चिघळली. आणि ज्यानं कबर शोधली तो हॉवर्ड कार्टर पुढे सोळा वर्षं जगला, 1939पर्यंत. शाप नाही, डास. शाप नाही, डास. त्यावर त्यानं पुण्यात मच्छरदाणी मागून घेतली.

आता वेळ थोडाच उरलाय आणि मूळ विषय राहिलाच. मुलांना पिरॅमिड पाठ असतात, पण लोथल आपल्या बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, ते बघायला कुणी नेत नाही. हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल, धोलावीरा, ही सगळी सिंधू संस्कृतीची गावं. तिथे ममी नाहीत, म्हणून नातू जरा नाराजच झाला. पण मोहेंजोदडोला मातीचा एक बैल सापडलाय, दोरीवर मान हलवणारा, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कुणा पोराचा, हे कळल्यावर म्हणाला, “त्याचं नाव काय होतं? त्या मुलाचं.” त्यांची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, असं सांगितलं. “म्हणजे लिहिलेलं असेल, पण कळत नाही?” असेल, म्हटलं. हे त्याला ममीपेक्षा भीतीदायक वाटलं असावं. तेव्हापासून स्वतःच्या खेळण्यांवर नाव मोठ्या अक्षरात लिहितो, आणि खाली मराठीत, हिंदीत, इंग्रजीत तेच नाव पुन्हा.

तर जुलैमध्ये सत्तर दिवस भरले. मोगऱ्याच्या कुंडीत खड्डा केला. माझ्या अकिकाच्या माळेतला एक तांबडा मणी आत ठेवला. खंभातचा मणी. असल्याच अकिकाचे, सिंधूकाठच्या घडणीचे मणी पार इराकात, उरच्या राजघराण्याच्या कबरींत निघालेत, तेव्हा राणीला शोभेलसा. फोन कुंडीवर धरला.

“हृदय आत आहे ना?”

“आहे. काही काढलंच नाही.”

“आणि खायला?”

खायला! प्रवास लांबचा, राणीला शिदोरी हवी. पाल काय खाते? “झुरळ ठेव,” म्हणाला, “एक तरी.”

श्रोतेहो, एरवी माझ्या स्वयंपाकघरात रात्री दिवा लावला की तीन पळतात. त्या दिवशी हवं म्हटलं तर एक सापडेना. ओटा, मोरी, गॅसच्या शेगडीखाली, सगळीकडे शोधलं. शेवटी समोरच्या बेनकडून मागून आणलं, वाटीत, वर बशी झाकून. तिनं विचारलं नाही कशाला ते. बडोद्यातला शेजार आहे.

नमस्कार.