कार्ड बदलण्याआधी मेमरी तपासा

आजच्या पत्रिकेवर ‘घरच्या गेमिंग संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड कसे निवडावे’ असा विषय छापलेला आहे आणि तो मी मांडणारच आहे. परंतु त्याआधी मला रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ मेमरीच्या, पट्टीविषयी बोलायचे आहे, कारण ‘सर, कोणते कार्ड घेऊ?’ असे विचारत माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांना मुळात कार्डाची गरजच नसते. गेम मध्येच बंद पडतो, पडदा निळा होतो, आणि लगेच कार्ड गेले असे ठरवून टाकले जाते. भुसावळपासून चाळीसगावपर्यंत मी हेच ऐकत आलो आहे, आणि त्यापायी कष्टाचा पैसा वाया जाताना पाहिला आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा चाळीसगावला असतो. त्याने २०१९ साली संगणक जुळवला: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० कार्ड आणि ८ जीबी रॅमची एक पट्टी. पुढे त्याने आणखी ८ जीबीची पट्टी घातली. ती दुसऱ्या कंपनीची होती. हिवाळा सुरळीत गेला. मे महिन्यात मात्र गेम वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडू लागला आणि त्याचा मला फोन आला, ‘मामा, कार्डच बदलनं पडी.’ मी त्याला थांब म्हणालो, पण तोवर संगणक दुकानात पोहोचला होता. तेथे पट्ट्या काढून, खोडरबराने घासून परत बसवल्या. दोन दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच झाले, तेव्हा कार्ड गेल्याचे सांगून १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० त्याला देण्यात आले. माझ्या बहिणीने भिशीच्या पैशांतून २८,००० रुपये मोजले. तिसऱ्या दिवशी दुपारी तोच निळा पडदा परत आला. मग पॉवर सप्लाय बदलायला सांगितला, मग विंडोज नव्याने टाकायला सांगितले. पट्टी तपासून पाहू असे त्या संपूर्ण महिन्यात एकदाही कोणी म्हटले नाही. मला राग आहे तो याचा. चूक कोणाकडूनही होते, पण तपासणीचा खर्च शून्य असताना ती न करता २८,००० रुपयांची वस्तू विकणे मला मान्य नाही.

मी रविवारी सकाळच्या गाडीने गेलो. मुलगा सहज बोलता बोलता म्हणाला, ‘मामा, गेमची झिप फाइलपण आता उघडत नाही, सीआरसी एरर येते.’ म्हणजे फाइलमधली माहिती जुळत नाही अशी सूचना. मी त्याला तीच फाइल माझ्यासमोर तीनदा उघडायला लावली. तिन्ही वेळा ती अडली आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी अडली. डाउनलोड खराब असते तर ती दरवेळी एकाच जागी अडली असती. जागा बदलते आहे, याचा अर्थ डिस्कवरची फाइल बहुधा शाबूत आहे आणि वाचल्यानंतर, मेमरीत उतरवताना, तिच्यातला एखादा बिट, म्हणजे शून्य किंवा एक हा सर्वांत लहान अंक, उलटतो आहे. शिवाय झिप फाइल उघडण्याचा ग्राफिक्स कार्डाशी संबंध काय? काहीही नाही. ज्या कामात कार्ड नाहीच तेही काम बिघडत असेल, तर कार्डाकडे बोट दाखवणे थांबवले पाहिजे. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर ही खूण सर्वांत आधी शोधावी.

मेमटेस्ट८६ प्लस हा विनामूल्य प्रोग्राम मी पेनड्राइव्हवर नेला होता. तो विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, मेमरीत ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो आणि लिहिलेले व वाचलेले जुळते का ते पाहतो. १६ जीबी मेमरीत सुमारे १३,७४३ कोटी बिट असतात आणि त्यांपैकी एक जरी चुकला तरी पट्टी नापास धरायची. ‘दोन-चारच चुका आहेत, चालेल’ असे तेथे नसते. सकाळी घेतलेली पहिली फेरी स्वच्छ गेली आणि माझी बहीण हिरमुसली. मी म्हटले, ताई, जेवण होऊ दे, ऊन चढू दे. दुपारी दोनला, बाहेर पारा ४४ अंशांवर असताना, दुसऱ्या फेरीच्या मध्यावर पडद्यावर लाल ओळ आली. तिच्याखाली दुसरी आली, मग तिसरी. प्रत्येक ओळीत अपेक्षित आकडा आणि वाचलेला आकडा शेजारी शेजारी होते आणि प्रत्येक वेळी फरक एकाच बिटाचा होता, तोही त्याच एका बिटाचा. मुलगा खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेला आणि त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला.

दुपारीच का, हे आपण खानदेशातल्या माणसांनी नीट समजून घ्यायला हवे. रॅममधला प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो, आणि तो भार माठातल्या पाण्यासारखा सतत पाझरत असतो. म्हणून प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की पाझरही वाढतो. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हे भरणे दुप्पट वेगाने, म्हणजे ३२ मिलिसेकंदांत करावे, असे मानकच सांगते. मुळात अशक्त असलेला एखादा कपॅसिटर डिसेंबरात तग धरतो आणि मे महिन्यात भिंतीला टेकवलेल्या, धुळीने जाळी बुजलेल्या कॅबिनेटमध्ये हार मानतो. म्हणून माझा आग्रह आहे की चाचणी उन्हाच्या वेळी घ्यावी आणि निदान चार पूर्ण फेऱ्या होऊ द्याव्यात. विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक आहे, सुरुवातीला ते चालेल. पण त्यात पास झाले म्हणून निर्धास्त होऊ नये.

चूक सापडल्यावरही पट्टी लगेच फेकायची नसते. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी ही पट्टी जादा वेगाने चालवणारी सोय बंद करावी. डीडीआर४ पिढीच्या पट्टीवर वेगाचा आकडा ३२०० लिहिलेला असला तरी तो वेग बहुतेक वेळा १.३५ व्होल्ट देऊन मिळवलेला असतो. मानक व्होल्टेज १.२ आहे, आणि एक्सएमपी बंद केले की पट्टी २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सावकाश वेगाने चालते. तेवढ्याने चुका थांबल्या तर वेग झेपत नव्हता, इतकेच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र असतील तर हे वारंवार होते. चुका तशाच राहिल्या तर एका वेळी एकच पट्टी, त्याच एका खाचेत घालून तपासावी. दोष पट्टीबरोबर फिरतो की खाचेपाशीच थांबतो, हे त्यातून कळते. आमच्याकडे तो नव्या पट्टीबरोबर फिरला. ती हमीत होती, बदलून मिळाली, आणि त्या दिवसापासून संगणक एकदाही निळा झालेला नाही.

आता त्या खोडरबराविषयी, कारण सभागृहात सोन्याच्या व्यवसायातली मंडळी बसलेली मला दिसत आहेत. पट्टीच्या कडेला जे पिवळे संपर्क असतात त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो आणि तो मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. जळगावचा कोणता सराफ मुलाम्याच्या दागिन्यावर खोडरबर घासू देईल? घासल्यानंतर संगणक सुरू होतो तो बहुतेक वेळा पट्टी काढून नीट परत बसवल्यामुळे. संपर्क मळलेलेच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड वापरावे, वीज पूर्ण तोडावी, हाताने आधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा आणि खटका वाजेपर्यंत पट्टी सरळ दाबावी.

अध्यक्षांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा पत्रिकेवरच्या विषयाकडे वळतो.

कार्ड निवडताना आधी मॉनिटर पाहावा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, तर ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. कार्डावरचा भार याच्याशी बांधलेला असतो. मग गेममधले रिझोल्यूशन कमी करून पाहावे. दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची, म्हणजे चित्रांची, संख्या वाढली तर अडथळा कार्डाचा आहे. जवळपास तेवढीच राहिली तर तो बहुधा प्रोसेसरचा आहे आणि नव्या कार्डाने फारसे काही होणार नाही. वेगळे कार्ड नसेल, प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरत असाल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत घालावी. ते ग्राफिक्स याच मेमरीवर जगते, दोन पट्ट्यांमुळे तिचा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि कार्डापेक्षा कितीतरी कमी पैशांत फरक दिसतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. मदरबोर्डवरच्या कार्डाच्या खाचेतून ७५ वॉट मिळतात, पॉवर सप्लायच्या सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, आरटीएक्स ४०६० ला ११५. पॉवर सप्लाय स्वस्तातला असेल तर आधी तो बदलावा.

कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिकांचे गणित भुसावळकरांना सांगायला नको. स्टेशनात गाड्या कितीही असोत, रूळ किती आहेत यावर सगळे ठरते. २०२२ साली आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या चारच मार्गिका वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते चालून जाते, पण बी४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा होतो, आणि त्यातच कार्डावर मेमरी ४ जीबीच असल्याने गेम अडखळू लागतो. आज नवे घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये. जुने घेत असाल तर हे ध्यानात ठेवा की १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डे राबवून ते कमावणे, थांबले आणि त्यानंतर दिवसरात्र राबवलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. अशा कार्डावर विक्रेत्यासमोर अर्धा तास भारी गेम चालवून पाहावा, पंखे ऐकावेत, तापमान बघावे, आणि मगच पैसे द्यावेत.

दारापाशी टेबलावर मी चाचणी भरलेले पाच पेनड्राइव्ह ठेवले आहेत. ज्यांचा संगणक बंद पडतो आहे त्यांनी एक घेऊन जावा आणि पुढच्या रविवारी परत आणून द्यावा. भाच्याचे ते १६५० कार्डही पिशवीत आहे. ते पूर्णपणे ठीक आहे, ७५ वॉटांतच चालते, आणि ज्यांच्या घरी लहान पॉवर सप्लाय आहे अशा कोणा मुलाला ते द्यावे अशी त्याची इच्छा आहे.