कुत्रं परत का सोडलं?

श्रोतेहो, नमस्कार.

एका नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात सतरा वर्षं तक्रारींची वही माझ्याकडे होती. गटार तुंबलं, घंटागाडी आली नाही, आणि मोकाट कुत्री. कुत्र्यांबद्दलच्या अर्जांत एक वाक्य ठरलेलं असायचं: 'तरी कृपया कुत्र्यांचा बंदोबस्त करावा.' लिहिणाऱ्याच्या मनात बंदोबस्त म्हणजे उचला आणि लांब नेऊन सोडा. आम्हाला तेच करता येत नव्हतं, आणि हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसायचं. आज ते सांगायला बसलो आहे.

मारुतीच्या देवळाजवळ राहणाऱ्या एक आजी महिन्यातून दोनदा तरी फोन करायच्या. एकदा फारच चिडल्या होत्या. "अहो, तुमच्या गाडीने नेलेली काळी कुत्री चौथ्या दिवशी परत माझ्याच दारात! मग नेली कशाला?"

आजींचा प्रश्न रास्त होता. काळीला नेलं होतं नसबंदीसाठी. २००१ पासून देशात यासाठी नियम आहेत, २०२३ मध्ये ते नव्याने आले. कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, जखम भरेपर्यंत ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. ओळख म्हणून कानाला एक खाच. काळीच्या कानाचं टोक कापलेलं होतं, ते आजींनी पाहिलं होतं. कुणीतरी मारलं असावं, असं त्यांना वाटलं.

तिथेच का सोडायचं? गल्लीतलं कुत्रं उचललं की ती जागा मोकळी राहत नाही. हॉटेलमागचं खरकटं तिथेच असतं, मटणाच्या दुकानाबाहेरचे तुकडे तिथेच पडतात. आठवड्याभरात शेजारच्या आळीतली दोन येतात, ना लस टोचलेली, ना नसबंदी झालेली. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, वर्षातून दोनदाही विऊ शकते. काळी मात्र आता विणार नाही, तिला लस आहे, आणि त्या गल्लीतली शाळेची पोरं तिच्या ओळखीची आहेत.

मारून हा प्रश्न सुटला असता, तर मुंबईत तो कधीच सुटला असता. इंग्रजांनी तिथे मोकाट कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, फोर्ट भाग बंद पडला. त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या कुत्री मारली गेली, आणि मुंबईत कुत्री आहेतच.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत सोडण्याची पद्धत कायम ठेवली, पण पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. म्हणजे तक्रार कुठल्या जागेची आहे, यावर आता पुढचं सगळं ठरतं.

जागेवरून माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एक अर्ज आला होता, 'शाळेमागे कुत्री अंगावर येतात'. आमच्या गावात शाळा तीन. पहाटे पिंजरागाडी निघाली ती मोठ्या शाळेकडे. पथकाने जाळी टाकून तीन कुत्री धरली, तिन्ही गरीब. चौथ्या दिवशी दुसऱ्याच शाळेमागे तिसरीतल्या एका मुलाच्या पोटरीला कुत्रं चावलं. घरच्यांनी जखमेवर मिरचीपूड आणि चुना भरला होता. दवाखान्यातल्या सिस्टरनी ते सगळं नळाखाली धुऊन काढलं, पोरगं ओरडत होतं आणि मी दारात उभा होतो. अर्जावर फोन नंबर होता. 'कुठली शाळा?' एवढं विचारायला अर्धा मिनिट लागलं असतं. मी विचारलं नव्हतं.

मुलाचे सगळे डोस वेळेवर झाले, तो बरा आहे. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो: कुत्रं चावलं की आधी नळाची धार आणि साबण, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही. लगेच सरकारी दवाखाना. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पुढच्या तारखा चुकवू नका. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आता तक्रारीबद्दल. नियमांप्रमाणे वहीत तक्रारदाराचं नाव, पत्ता, तारीख, वेळ आणि तक्रारीचं स्वरूप लिहायचं असतं. तुम्ही त्यात कुत्र्याचा रंग सांगा, कानाला खाच आहे का ते पाहा, कुठल्या खांबाखाली, किती वाजता बसतं ते सांगा. चावलं, की नुसतं भुंकत मागे लागलं? लाळ गळते आहे का, तोल जातो आहे का? असं कुत्रं असेल तर अर्ज लिहीत बसू नका, तिथूनच फोन करा आणि मुलांना घरात घ्या. पिल्लांना पाजणारी कुत्री मात्र पथक लगेच नेत नाही, मागे पिल्लं उपाशी मरतात.

आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. आमच्या वहीत शेवटचा रकाना होता, 'केलेली कार्यवाही'. तो किती पानांवर कोरा राहिला, हे मला माहीत आहे. क्रमांक घेऊन माणूस परत विचारायला आला, की तो रकाना भरावाच लागायचा.

त्या आजींना मी घरी जाऊन कानाची खाच दाखवली होती. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "लिहून घ्या. तपकिरी कुत्रा, कान अख्खे, शेपटीचं टोक पांढरं. पहाटे सहाला देवळाच्या पारावर असतो. काळीला ठेवा, त्याला न्या."

पथकाला तो पहिल्याच फेरीत मिळाला.