वहीतलं कानडी गाणं

(दृश्य: शहापूर, बेळगाव. रात्र. माडीवरची खोली. दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, खिडकीत ढोलकी.)

गणपती तोंडावर आले की शहापुरातल्या या माडीवर रात्री नऊनंतर दिवा पेटतो. दिवसा यातला कुणी उद्यमबागेत लेथवर उभा असतो, कुणी खडेबाजारात कापड मोजत असतो. रात्री मात्र हा ऑर्केस्ट्रा असतो, आणि त्याला बेळगावात, खानापुरात, निपाणीत, कधी पार गोकाकपर्यंत सुपारी मिळते.

(दृश्य: वहीची पानं, जवळून.)

ही गायकाची वही. डाव्या पानावर 'टिक टिक वाजते डोक्यात', उजव्या पानावर 'अनिसुतिदे याको इंदु'. डावीकडचं २०१३च्या 'दुनियादारी'तलं, उजवीकडचं २००६च्या 'मुंगारु मळे'तलं. दोन्हींचा मूळ आवाज एकाच माणसाचा, सोनू निगमचा. या भागातल्या मंडळासमोर दोन्हीपैकी एकही गाणं चुकवून चालत नाही.

उजवीकडचं पान जरा थांबून बघा. गाणं कानडी, अक्षरं देवनागरी. कानडीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आपल्या लिपीत तो फरक दाखवायची रोजची सोय नाही. म्हणून या गायकाने आपली खूण बनवलीय: जिथे स्वर लांबवायचा तिथे डोक्यावर लाल पेनाची आडवी रेघ. 'याको'मधल्या 'को'वर ती दिसते. 'ळ' मात्र त्याला शिकावा लागला नाही, तो दोन्ही भाषांत आहे आणि बेळगावच्या जिभेवर लहानपणापासून आहे. फरिदाबादला जन्मलेल्या मूळ गायकाला या बाबतीत याच्यापेक्षा जास्त कष्ट पडले असतील.

(दृश्य: तालीम. गायक थांबतो, ओळ पुन्हा घेतो. कीबोर्डवादक मान हलवतो.)

हे शब्द जयंत कायकिणींचे. गोकर्णचा माणूस, कितीतरी वर्षं मुंबईत नोकरी केलेला. चाल मनो मूर्तींची. चाल वरून सोपी वाटते, पण ओळीच्या शेवटी आवाज हलका सोडायचा असतो, आणि तिथेच नवखा गायक जोर लावतो. कीबोर्डवाला म्हणून पट्टी एक सुराने खाली घेतो. ऑक्टोपॅड पहिल्या कडव्यात जवळपास गप्प असतो. मग पुन्हा पहिल्यापासून. अर्थ कळला नाही तर गाणं ओठांवरच राहतं, असं या गायकाचं मत आहे. म्हणून त्याने शेजारच्या कानडी कुटुंबातल्या आजींकडून एकेका ओळीचा अर्थ समजून घेतला.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. मैफलीची क्लिप.)

२५ एप्रिल २०२५. बेंगळुरूतल्या एका कॉलेजातली मैफल. पहलगामच्या हल्ल्याला तीन दिवस झालेले. गर्दीतून एक मुलगा 'कन्नड, कन्नड' असं ओरडत राहिला. सोनू निगम गाणं थांबवून म्हणाले की आपण कानडीत फार चांगली गाणी गायली आहेत, पण असा उद्धटपणा आपल्याला आवडत नाही, आणि पहलगाममध्ये जे झालं त्याचं कारण हेच. पुढे पोलिसांत तक्रार, कर्नाटक चित्रपट वाणिज्य मंडळाचं असहकार्य, माफी, एका नव्या चित्रपटातून गाणं वगळणं आणि उच्च न्यायालयाचा तात्पुरता दिलासा, हे सगळं महिन्याभरात उरकलं.

(दृश्य: कॉलेज रस्ता. मुलांच्या हातांतले फोन.)

बेळगावात ही क्लिप दोन तऱ्हांनी फिरली. कानडी चाहत्यांनी गाणी पुसली. त्यातल्या काहींनी लहानपणापासून जपलेली गाणी पुसली, आणि ते सोपं नव्हतं. आपल्या मराठी पोरांपैकी काहींनी मात्र ती खुशीत पुढे पाठवली. बरं झालं, कुणीतरी सुनावलं, अशा सुरात.

ही खुशी आम्हाला पटली नाही, आणि हा माहितीपट करायचं कारणही तेच.

(दृश्य: १ नोव्हेंबर, काळा दिन. सायकल फेरी. काळे झेंडे.)

१ नोव्हेंबर १९५६ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून इथला मराठी माणूस काय मागतोय? महाराष्ट्रात जाणं, आणि आपली भाषा. सरकारी परिपत्रक मराठीत द्या, सात-बारा मराठीत द्या. या मागणीवर त्याला काय ऐकावं लागलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे: फुटीर, राज्यद्रोही. भाषा मागणाऱ्याला गुन्हेगारांच्या रांगेत उभं केलं की कसं वाटतं, हे महाराष्ट्रात पुण्या-मुंबईला समजावून सांगावं लागेल, बेळगावला नाही. मग बेंगळुरूतल्या एका मुलाने आपल्या भाषेतलं गाणं मागितलं, उर्मटपणे का होईना, आणि त्याची तुलना माणसं मारणाऱ्यांशी झाली, तेव्हा टाळी आपली कशी पडली? ती पडायला नको होती. सोनू निगम यांचं वाक्य चूक होतं. गळा कितीही मोठा असला तरी चूकच होतं.

(दृश्य: सुळेभावी. बसथांबा, मग गावातला रस्ता.)

हे सुळेभावी. ८ एप्रिल १९२४ रोजी इथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. मराठी माणूस त्यांना कुमार गंधर्व म्हणतो, आणि त्यांची निर्गुणी भजनं ऐकताना त्यांच्या घरात कानडी बोलत होते हे कुणाच्या मनातही येत नाही. भीमसेन जोशींचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' कितीतरी मराठी घरांत शुक्रवारी लागतं. याच सुळेभावी-बाळेकुंद्री मार्गावरच्या बसमध्ये फेब्रुवारी २०२५मध्ये मराठी-कानडीवरून वाहकाला मारहाण झाली. तिचं समर्थन होऊ शकत नाही. मग बसगाड्या थांबल्या, मार्चमध्ये कर्नाटक बंद झाला.

(दृश्य: पुन्हा माडी. गोल बसलेले वादक.)

या खोलीतही एकमत नाही. ऑक्टोपॅडवाल्याच्या घरी आई कानडी, वडील मराठी. ती क्लिप पाहिल्यापासून तो सोनू निगमची ही दोन्ही गाणी वाजवायला राजी नाही. कीबोर्डवाल्याचं म्हणणं वेगळं: 'अनिसुतिदे' कायकिणींचं आहे, मनो मूर्तींचं आहे, त्यात वाजवणारे डझनभर आहेत. एकाच्या वाक्यापायी त्या सगळ्यांना का हाकलायचं? आम्हाला कीबोर्डवाला जवळचा वाटतो. पण ज्याच्या आईची भाषा दुखावली त्याच्यावर गाणं लादणं हेही बरोबर नाही, आणि हे इथे बसलेल्या कुणालाच सांगावं लागलं नाही.

(दृश्य: म्होरक्या यादी लिहितो.)

यंदाच्या पहिल्या सुपारीची यादी ठरली. 'टिक टिक' चौथ्या नंबरवर, 'अनिसुतिदे' पाचव्या. निवेदक दोन्ही गाण्यांआधी कवी आणि संगीतकाराचं नाव घेईल. ऑक्टोपॅडवाला या दोन गाण्यांना खाली उतरेल, तेवढा वेळ ढोलकीवाला त्याची जागा घेईल. बिदागी दोघांना पूर्ण.