आगीजवळ रंग नको: ब्रँडला शोभणारा कॅम्पिंग स्टोव्ह

[उद्यमबाग, बेळगाव. लेथवर पितळी गज फिरतोय.]

या गजातून निघणार आहे जेट, म्हणजे गॅस ज्यातून फवारतो ती बारीक तोटी. स्टोव्हमधला सगळ्यात लहान भाग, आणि सगळ्यात हट्टी. त्याचं भोक ०.३० मिलिमीटर. ड्रिल जरा थरथरलं आणि भोक ०.३५ झालं, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. गॅस जास्त येतो, पण हवेची भोकं तेवढीच राहतात. मग ज्योत पिवळी पडते, पातेल्याचं बूड काळं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून प्रत्येक जेट पिन गेजनं, म्हणजे नेमक्या जाडीच्या बारीक सळईनं तपासायचं.

स्टोव्ह करायचाय तो तंबू, सॅक आणि भांडी आधीपासून विकणाऱ्या ब्रँडसाठी. अशा कामात घाई होते ती रंगाची. ब्रँडचा केशरी रंग थेट भांडं पेलणाऱ्या पायांवर चढवला जातो. साधं पॉलिएस्टर पावडर कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांना पक्कं होतं. हे पाय त्याहून कितीतरी जास्त तापतात. रंग करपतो, वास मारतो, पोपडे धरतो. रंगीत ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला रंगीत थर, तोही तापून फिका पडतो. तेव्हा बर्नर आणि पाय उघड्या स्टेनलेसचे. आधी सोनेरी, मग निळसर झाक येईल, येऊ द्यावी.

ब्रँड दिसला पाहिजे तो हात लागतो तिथं. नॉब, घडीचा सांधा, नळीची पकड, पिशवी. कंपनीचा सगळा माल टेबलावर मांडायचा आणि झाकणाची मूठ, सॅकचं बकल, तंबूची खुंटी यांचे कोपरे रेडियस गेजनं मोजायचे. सगळीकडे ३ मिलिमीटरची गोलाई असेल आणि एकट्या नॉबला धारदार कडा ठेवली, तर लोगो असूनही वस्तू परकी वाटते. नॉब बेकेलाइटचा, किमान २५ मिलिमीटर व्यासाचा, ओल्या बोटांनी फिरेल असा खाचांचा.

कंपनीचंच भांडं मोजून घ्यायचं. आतला व्यास १२० मिलिमीटर असेल, तर २३० ग्रॅम गॅसचा सुमारे ११० मिलिमीटरचा डबा त्यात बसतो. घडी घातलेला स्टोव्ह डब्याच्या वर मावला पाहिजे आणि झाकण दाबावं लागू नये. इथं दोन मिलिमीटर चुकले, तर गिऱ्हाईक रोज चिडणार.

[राजहंसगड. वारा.]

बर्नर थेट डब्यावर बसवला तर वजन वाचतं, पण मग भोवती वाऱ्याचा आडोसा लावता येत नाही. लावला तर डबा तापतो आणि ते धोक्याचं आहे. आपल्या भागात थंडीपेक्षा वारा आणि दमट हवा जास्त छळते. म्हणून स्टोव्ह जमिनीलगत, डबा नळीनं दूर. पाय तीनच, जांभ्याच्या उंचसखल कातळावर ते डुगडुगत नाहीत.

कणकुंबीच्या पावसाळ्यात पिझोची, म्हणजे स्टोव्ह पेटवायच्या बटणाची ठिणगी दबते. पिशवीत काडेपेटीसाठी पाणी न शिरणारा खण हवाच.

हिशोब असा: २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला सुमारे ३०० किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाया गेली, तर १३ ग्रॅम गॅस. चाचणीत आकडा २० च्या वर गेला, तर भांडं आणि बर्नर यांतलं अंतर बघावं. भांडं फार जवळ आलं की ज्योत थंड बुडावर आपटून विझते, जळण अपुरं राहतं.

शेवटी साबणाचं पाणी. डब्याचे आटे, नळीची दोन्ही टोकं, नॉबची दांडी. बुडबुडा आला की स्टोव्ह परत. ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून गॅस गळू न देणारी गोल रबरी कडी, नायट्राइल रबराची घ्यावी, साधं रबर या गॅसमध्ये फुगतं. तिचा आकार पिशवीच्या आतल्या लेबलवर छापावा आणि एक जादा रिंग पिशवीतच द्यावी. गावोगावच्या दुकानात ती मिळेलच असं नाही.