सेवकाची स्वतःची भूक

सलाम, बंधुभगिनींनो.

नगर जिल्ह्यातल्या पाळकांपुढे, सुवार्तिकांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे बोलायचं ठरलं तेव्हा मी एकच विषय धरला. पगार लांबतो, कमिटीत दोन तट पडतात, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जमिनीचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात चालतात, नेमकं पोरांचं बारावीचं वर्ष असताना बदली होते. हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याबद्दल आपण आपसात बोलतोही. ज्याबद्दल बोलत नाही ते असं, की दर रविवारी दुसऱ्यांना भाकर वाढणारा माणूस स्वतः उपाशी राहू शकतो. महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. कधी कधी त्याच्या स्वतःच्याही नाही.

हे होतं कसं ते बघा. पवित्र शास्त्र उघडलं की शेजारी वही असते. वचन वाचताना पहिला विचार येतो, यात संदेश आहे का? रविवारी कामी येईल का? ते वचन आपल्याशी काही बोलत होतं, पण आपण ते ऐकायच्या आधीच मंडळीसाठी बांधून ठेवलेलं असतं. प्रार्थनेचंही तसंच. दवाखान्यात खाटेशेजारी प्रार्थना, नव्या घराच्या उंबऱ्यात प्रार्थना, कमिटीची सभा सुरू होताना आणि संपताना प्रार्थना. सगळ्या मोठ्याने, सगळ्या दुसऱ्यांच्या वतीने. रात्री एकट्याने गुडघे टेकले की शब्दच येत नाहीत, कारण दिवसभर ते खर्च झालेले असतात. सकाळी एका वाडीत दफनविधी आणि दुपारी पुढच्या गावात साखरपुडा, असा दिवस तुमच्यापैकी प्रत्येकाने काढला आहे. मूठमाती देऊन हात धुवायचे आणि तासाभरात हसऱ्या चेहऱ्याने मांडवात उभं राहायचं. सकाळच्या त्या आईचं दुःख आपणही आत घेतलेलं असतं. ते कुठे ठेवायचं, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. घरंच्या घरं कोयते आणि भांडीकुंडी घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागतात. मग उन्हाळा लागेपर्यंत पाळकापुढे सतरंजीवर म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं, एवढीच मंडळी. नाताळसुद्धा तशीच जाते. बाहेरचा कोणी म्हणेल, संख्येत काय आहे? पण हे बोलणं सोपं आहे. ज्याने त्या रिकाम्या सतरंजीपुढे आठवड्यामागून आठवडा उभं राहून वचन सांगितलं आहे, त्याला ठाऊक आहे की मन हळूच विचारू लागतं: प्रभू, तू मला इथे बोलावलंस ते खरंच ना?

या प्रश्नाला आपण घाबरतो. पाळकाला हा प्रश्न पडणं म्हणजे विश्वास डळमळणं, असं आपल्या मनात बसलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. हा प्रश्न पडणं धोक्याचं नाही. तो दाबून, चेहरा नीट करून, पुढच्या रविवारची तयारी करत राहणं धोक्याचं आहे.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यात हॅस्लम नावाचे एक पाळक होते. दीक्षित, मंडळीची नीट व्यवस्था पाहणारे, उपासना चोख करणारे. 1851 साली एका रविवारी ते व्यासपीठावरून प्रभूविषयी बोलत होते आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण ज्याच्याविषयी सांगतो आहोत तो अजून आपला झालेलाच नाही. त्या घटकेला, उपदेश करता करताच, त्यांचं अंतःकरण पालटलं. समोर बसलेल्यांतला एक जण उठून ओरडला, पाळकाचा पालट झाला! हा अनुभव हॅस्लम यांनी पुढे लिहून ठेवला. ते पुस्तक फिरत फिरत आपल्या पंडिता रमाबाईंच्या हाती आलं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झालं, मग ते पुण्याला आलं. म्हणजे हे पुस्तक हाती आलं तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. विधवा मुलींना आसरा देण्याचं काम चालू होतं, देशात आणि परदेशात नाव झालं होतं, टीकाही सोसत होत्या. आणि तरी बाप्तिस्म्याला आठ वर्षं होत आली तेव्हा त्यांना कळून आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः, स्वतःच्या साक्षीत, छापून सांगितलं. विचार करा. एवढ्या विदुषीने, एवढं काम उभं केल्यावर, जगापुढे म्हणायचं की माझ्या आत रिकामं होतं. आणि हे म्हटल्याने काम कोसळलं का? दुष्काळातून शेकडो मुली वाचवून आणल्या, केडगावचं मुक्ती हे आश्रयस्थान उभं राहिलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर झालं, ते सगळं त्यानंतरचं आहे. आपल्यातला कोणी कमिटीसमोर उभा राहून एवढं बोलू शकेल? आणि बोललाच, तर कमिटी त्याला जवळ घेईल की त्याच्या बदलीचा अर्ज करील?

आता पवित्र शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्याकडे या. कर्मेल डोंगरावर अग्नी पडला, बआल या परक्या दैवताचे संदेष्टे हरले, पाऊसही आला. सेवेत याहून मोठं यश कोणतं? आणि लगेच पुढच्याच अध्यायात हा माणूस रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. यशानंतर, हे ध्यानात घ्या. आपल्याकडेही मोठं अधिवेशन पार पडलं, लोक रडले, उभे राहिले, की त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळक अंथरुणातून उठू शकत नाही. त्याला वाटतं, हे काय झालं मला? देवाने एलीयाला तेव्हा काय सांगितलं? काहीच नाही. आधी झोपू दिलं. दूताने हात लावून उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं, प्याला, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, कारण वाट तुला झेपणार नाही म्हणून. होरेब डोंगरावरचं बोलणं, देव मंद वाणीतून बोलला तो प्रसंग, त्याच्या पुष्कळ नंतरचा. आपण त्या मंद वाणीवर संदेश देतो आणि दोन वेळची भाकर व दोन वेळची झोप तशीच ओलांडून जातो. मला तर वाटतं, पाळकाला रात्रीची पुरी झोप मिळू न देणाऱ्या मंडळीने हा अध्याय एकदा फक्त तेवढ्यासाठी वाचावा.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा विसावा अध्यायही काढून पाहा. तू मला फसवलंस, असं तो देवाला तोंडावर म्हणतो. तुझं नाव पुन्हा काढणार नाही म्हणतो आणि ते वचन हाडांत कोंडलेल्या आगीसारखं त्याला गप्प बसू देत नाही. तेराव्या ओवीत तो परमेश्वराची स्तुती गा असं म्हणतो, आणि चौदाव्या ओवीत ज्या दिवशी जन्मलो त्या दिवसाला शाप देतो. मध्ये एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी शाप आधी आणि स्तुती नंतर अशी सोयीची मांडणी केली नाही. आपल्याला मात्र प्रत्येक साक्ष हालेलूयाने संपवायची सवय लागली आहे.

देवाशी असं भांडणं मराठी माणसाला परकं असायचं कारण नाही. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावलं आहे! आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायांशी आलो. त्या टिळकांचंच बघा. 1895 साली बाप्तिस्मा, मग इथेच नगरला मिशनची सेवा, अध्यापन, कीर्तनं, भजनं, लेखन. आज आपण त्यांची गीतं म्हणतो तेव्हा वाटतं की हा माणूस सदा तृप्तच असेल. पण एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर, 1917 साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ताचं काम या चौकटीत राहून आपल्या हातून व्हावं तसं होत नाही, ही तळमळ त्यांना बसू देईना. साताऱ्याला जाऊन त्यांनी देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. 1919 च्या मे महिन्यात ते वारलेच. दरबार फार चालला नाही. म्हणून ते चुकले असं मी म्हणणार नाही, आणि प्रत्येकाने नोकरी सोडावी असंही नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत त्या माणसाने आपली भूक मरू दिली नाही.

आणि याची किंमत कोण भरतं, हेही बोललं पाहिजे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षं ताटातुटीत गेली. त्या स्वतः 1900 साली ख्रिस्ती झाल्या. घरात असेल ते उचलून देऊन टाकायचा टिळकांचा स्वभाव, आणि चुलीपाशी भागवायचं लक्ष्मीबाईंनी. इथे बसलेल्या भगिनी मान हलवत आहेत ते मला दिसतंय. पाळकाच्या पत्नीला मंडळी हक्काने बोलावते, महिला मंडळ तिने चालवायचं, पाहुणे तिने सांभाळायचे. तिच्यासाठी प्रार्थना कोण करतं? पाळक तिचा पती असतो, पण तिला पाळक नसतो. या गोष्टीवर एक वेगळी सभा व्हायला हवी.

मी एका म्हाताऱ्या आजींकडे प्रभुभोजन द्यायला जात असे. अंथरुणाला खिळलेल्या होत्या. छोटी पेटी उघडून मी खाटेशेजारच्या स्टुलावर रुमाल अंथरायचो, लहान पेला आणि ताटली मांडायचो. एकदा विधी झाल्यावर मी नेहमीसारखा डोळे मिटून सुरुवात करणार, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "थांबा पाळकसाहेब. आज म्या करते, तुमच्यासाठी." आणि त्यांनी एकेक करून मागितलं. तुमच्या फटफटीला रस्त्यात काही होऊ नये, तुमच्या पत्नीचा गुडघा बरा व्हावा, कमिटीतल्या त्या दोघांचं भांडण मिटावं, आणि तुम्हाला बोलताना जो खोकला येतो तो जावा. एवढ्या बारकाईने माझ्याकडे कोणी पाहत असेल हे मला ठाऊक नव्हतं. व्यासपीठावरच्या माणसासाठी लोक आशीर्वाद मागतात; त्या आजींनी माझ्या खोकल्यासाठी मागितलं. पुढे कितीतरी दिवस मला एकट्याने प्रार्थना करता आली.

म्हणून कमिटीच्या सभासदांना माझं सांगणं आहे. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाला प्रेषित पौलाच्या मदतीला पाठवलं होतं. तो आजारी पडला, मरता मरता वाचला, आणि काम अर्ध्यावर असताना पौलाने त्याला घरी परत पाठवलं. सोबत लिहिलं की याचं आनंदाने स्वागत करा, अशांचा मान राखा. थकून परत आलेल्या सेवकाविषयी आपण गावात काय बोलतो? पौलाने स्वतःची दुःखं मोजली, फटके मोजले, तीनदा जहाज फुटलं ते सांगितलं, आणि त्या यादीच्या शेवटी रोजची एक गोष्ट ठेवली: सगळ्या मंडळ्यांची काळजी. फटक्यांचे वण दाखवता येतात, काळजीचे नाही.

इस्राएल लोकांना रानातून नेताना मोशे देवाला म्हणाला, या लोकांना मी एकटा वाहू शकत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. देवाने त्याला दटावलं नाही. सत्तर वडील उभे केले. आपल्याला सत्तर नकोत. महिन्यातल्या एका रविवारी पाळकाने सतरंजीवर, लोकांत बसावं आणि संदेश दुसऱ्याने द्यावा, कमिटीने तसा ठराव करावा. शेजारच्या दोन गावांच्या पाळकांनी आठवड्यातून एकदा भेटावं, वही न घेता, आणि जे मंडळीपुढे बोलता येत नाही ते एकमेकांपुढे बोलावं. आता जेवणाची सुट्टी होईल तेव्हा आपल्या शेजारचा पाळक शोधा आणि वार ठरवूनच ताटावर बसा. भगिनींनी आपला वार वेगळा ठरवावा. आणि ही सभा संपवायची प्रार्थना आज कोणा पाळकाने करू नये. तुमच्यापैकी कोणीतरी पुढे यावं आणि आम्हा सगळ्यांसाठी, नावं घेऊन, मागावं.