पुसली बुरशी, राहिलं विष

नमस्कार मंडळी. परवा काटोलकडे एका घरी गेले होते. परतीच्या पावसात सापडलेला मका ओसरीत पडलेला. आजी एकेक कणीस फडक्यानं पुसत होत्या. म्हणाल्या, "पुसलं का झालं ना बाई! लयच खराब असंन थे गाईले टाकतो."

दाण्यावरची हिरवट-पिवळी बुरशी पुसली जाते हो, पण तिनं दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष जात नाही. ते ना दिसतं, ना चवीला कळतं. भाकरी भाजली, दाणे भाजले, तरी बरंचसं उरतं. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असाच बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. आधी कावीळ, मग पोटात पाणी. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

आणि गाय? तिनं ते खाल्लं, की एका दिवसात त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. आपल्याकडे दुधात किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस लाखावा भाग, ही कायद्याची मर्यादा आहे. इतकं ते जहाल! म्हणून ओल लागलेली सरकीची ढेपही दावणीत टाकू नका. ज्या घरात लेकरं दूध पितात, तिथं तर मी हात जोडून सांगते. कोंबड्यांनाही नको. असा माल सरळ खड्ड्यात पुरा.

खरा इलाज वाळवणीत आहे. फल्ली (भुईमूग) असो, मका असो की आपली भिवापुरी मिरची, मातीवर पसरू नका, ताडपत्री घ्या, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत झाका. फल्लीचे सुरकुतलेले, काळपट, किडके दाणे वेचून फेका. बहुतेक विष त्यांच्यातच असतं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा.

ओल कशी ओळखायची? मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि ते मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं, तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं, तरी मक्याला आणखी एक-दोन उन्हं द्या. साठवताना ओल तेराच्या आत हवी. फल्लीदाण्याला तर आठच्या आत.

आजींच्या घरी बुरशीची कणसं आम्ही बाजूला काढली, चांगली अंगणात पसरली. पहिल्या दिवशी बाटलीची काच पांढरी झाली होती. चौथ्या दिवशी आजींनी स्वतःच बाटली हलवली. मीठ मोकळं खळखळलं.